गुडघ्याची लवण

अमरावतीच्या त्या आयुर्वेद विद्यालयाचं शवविच्छेदनगृह म्हणजे एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनाचं गोदाम होतं. मालकांचा धंदा बसला आणि रिकामं गोदाम त्यांनी विद्यालयाला दिलं, तेवढंच पुण्य. वर पत्रे, खाली फरशी, आणि मधल्या तुळईला कापसाच्या गाठी तोलायचा लोखंडी आकडा तसाच लटकत राहिलेला. दहा वर्षांत तिथे एक गाठ आली नव्हती, तरी तुळयांच्या फटींतून रुईचे तंतू गळत राहायचे. सकाळी झाकलेल्या शवांवर पांढरा थर साचलेला असायचा. विद्यार्थी म्हणत, वऱ्हाडात मेला तरी माणसाला कापूस सुटत नाही.

१९५९ सालच्या थंडीत तिथे शरीर हा विषय शिकवायला तारा चिंतामण पुराणिक होती. वय अठ्ठावीस, अंगकाठी किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. अकोल्याच्या चिंतामणशास्त्र्यांची ही मुलगी. शास्त्रीबुवांना मुलगा नव्हता, म्हणून सुश्रुत मुलीच्या पदरात पडला आणि तिनं तो सोडला नाही. दोन वर्षं ती हंगामी शिक्षक म्हणून काम करत होती. प्राचार्य वामनरावांचं मत असं, की बाईमाणसानं सुईणींना शिकवावं, मुडदे फाडणं हे तिचं काम नव्हे. मत त्यांनी लपवलं नव्हतं आणि तारानंही ते कधी मनावर घेतलं नव्हतं.

दोघांत ठिणगी पडली ती एका शब्दावरून. गुडघ्याच्या मागचा जो खोलगा, त्याला वामनरावांनी पाठ्यपुस्तकात ‘जानुपृष्ठखात’ असं नाव दिलं होतं. पोरांची जीभ त्याला वळेना. तारा सरळ ‘लवण’ म्हणायची. अंबादेवीच्या बाजारात कुणालाही विचारा, गुडघा जिथे लवतो ती लवण. ‘शेतकऱ्याचा शब्द आहे तो,’ वामनराव म्हणाले. ‘गुडघेही बहुतेक त्यांचेच दुखतात,’ तारा म्हणाली.

आणि लवण शिकवावी तर तिनंच. तिथल्या नाडीसारखी हट्टी नाडी अंगात दुसरी नाही. मनगटावरची कुणालाही सापडते. ही हाडाला चिकटून, सगळ्यांच्या तळाशी. ती पोरांना एकमेकांच्या पायांवर सराव करायला लावी. ‘गुडघा थोडा वाकवा. बोटं खोल घाला, वरवर चाचपाल तर काही मिळायचं नाही. आणि सापडली की तोंड बंद. मोजताना बोलायचं नाही.’ एकदा ती मोजत असताना वामनरावांनी दारातून हाक मारली. वर्ग उभा राहिला. तारा मिनिट पुरं होईपर्यंत तशीच बसून राहिली आणि मग म्हणाली, ‘बोला सर.’ ही गोष्ट वामनराव विसरले नाहीत.

माघात नागपूरहून परीक्षक यायचे होते, उद्धवशास्त्री म्हणून. तारानं त्यांच्यापुढे शवाचा एक भाग उघडून दाखवायचा, आणि त्यांच्या अहवालावर ती कायम व्हायची किंवा घरी जायची. घर म्हणजे अकोला, वडिलांचा खल आणि ‘आमची मुलगी शिकवायची हो’ असं भूतकाळात बोलणारे नातेवाईक. भाग कोणता, हे प्राचार्यांनी ठरवायचं होतं. वामनरावांनी चिठ्ठी पाठवली: जानुपृष्ठखात. शुक्रवारी, सकाळी अकरा.

लवण उघडायची तर शव पालथं घालावं लागतं. यात कुणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. पुस्तकात पहिली ओळच तशी असते.

शव एका बाईचं होतं. अकोल्याच्या स्टेशनावर, बाकाला टेकून बसल्या बसल्या गेलेली. कुणी न्यायला आलं नाही, तेव्हा कागदपत्रांसह ती इकडे आली. कागदावर होतं: अनोळखी स्त्री, वय अंदाजे पन्नास, दोन्ही हातांवर गोंदण. रीतीप्रमाणे तिच्या धमन्यांत शेंदूर भरला होता, म्हणजे कापताना त्या लाल दिसाव्यात. सोमवारी संध्याकाळी तारानं आणि जानरावनं तिला पालथं घातलं. जानराव हा तिथला शिपाई, साठीला आलेला, मूळचा तेल्हाऱ्याकडचा. आधी इस्पितळात आणि मग इथे, तीस वर्षं मढी उचलून त्याचे हात दगडासारखे झाले होते, पण त्या दिवशी तो हात लावायला कचरत होता.

तारानं विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘आमच्याकडे मेल्या माणसाले पालथं घालत नाई, बाई. गावानं जिले करणीवाली ठरवली तिलेच पालथं पुरतेत. उठली तं खालीच जाईल, वरतं येनार नाई म्हणून.’ मग पुन्हा म्हणाला, ‘अन् हिच्यात तं तुमी शेंदूर भरला. शेंदूर भरायचा अन् वरून पालथं घालायचं?’

तारा हसली. बाईच्या अंगभर फॉर्मॅलिनमध्ये भिजवलेली चादर घातली, कडा टेबलाखाली खोचल्या आणि दोघं निघाली. चादर घालताना तिला बाईच्या लवणीतली आडवी घडी दिसली होती, चांगली खोल, जन्मभर शेतात उकिडवं बसून निंदण केल्याची. गुडघ्यांची पुढची कातडी मात्र उलटताना हाताला मऊ लागली होती. ही बाई खूप बसली होती, पण गुडघे टेकून कुणापुढे बसली नव्हती.

मंगळवारी सकाळी चादर काढली तर बाई उताणी.

तारानं जानरावकडे पाहिलं. जानराव म्हणाला, मी कशाले पालटू, माह्यानं एकट्यानं पालटत बी नाई. हे खरं होतं. फॉर्मॅलिन प्यायलेलं शव म्हणजे ओलं लाकूड. ते उलटायला दोन माणसं लागतात आणि दोघांनाही घाम येतो. तारानं ठरवलं की हा वामनरावांचा कुणीतरी चेला असणार. त्या दिवशी बाईला पुन्हा पालथं घातलं, गोदामाला नवं कुलूप आणलं आणि किल्ली स्वतःच्या कमरेला खोचली.

बुधवारी कुलूप जसंच्या तसं होतं. चादरीवर रात्रभराची रुई पडली होती, एकसारखी, कुठेही बोट लागल्याची खूण नाही. कडा तिनं खोचल्या तशाच, उजवीकडच्या कोपऱ्याला तिनं मारलेली दुमड तशीच. तिनं चादर उचलली. बाई उताणी होती. हनुवटी जराशी वर, जसं कुणी नको त्या माणसाकडे पाहावं.

तारानं चादर घडी करून बाजूला ठेवली. मग तिला राग आला, आणि राग आला की तिचं डोकं शांत चाले. तिनं बँडेजच्या लांब पट्ट्या आणल्या. बाईला पालथं घालून खांदे, कंबर, मांड्या आणि घोटे असे चार फास टेबलाला आवळले. गाठी तिच्या स्वतःच्या होत्या, वडिलांनी औषधाच्या पोटल्या बांधायला शिकवलेल्या. त्या दुसऱ्या कुणाला येत नसत.

गुरुवारी चारही गाठी शाबूत होत्या. गाठींखाली बाई उताणी होती.

जानरावनं हात जोडले. तारानं जोडले नाहीत. ‘सोडा पट्ट्या,’ ती म्हणाली, ‘काम आजच करायचंय.’ खरंच आजच करायचं होतं. उघडी केलेली नस वाळून काळी पडते, म्हणून नाजूक काम आदल्या दिवसापर्यंत राखून ठेवतात. भर सकाळ होती, दारं उघडी, बाहेर टांगेवाला घोड्याला शिव्या देत होता. त्यांनी तिला पालथं घातलं. तारा सुरी घासायला खिडकीतल्या दगडाकडे वळली. दहा-बारा वेळा घासली असेल. आवाज कसलाच झाला नाही. वळून पाहिलं तर बाई उताणी होती आणि जानराव भिंतीला पाठ लावून उभा होता.

‘तुम्ही पाहिलंत?’

‘मी डोये मिटले होते,’ जानराव म्हणाला. ‘मले पाह्यचं नोतं.’

नेमके त्याच वेळी वामनराव आले. तारानं सरळ सांगून टाकलं, ही पालथी राहत नाही. वामनराव हसले आणि म्हणाले, की विद्यालयात एक ऐकत नव्हती, आता दोन झाल्या. त्यांनी जानरावला आणि तिला शव उलटायला लावलं. स्वतः पुढे होऊन बाईच्या दोन्ही खांद्यांच्या मध्ये पंजा दाबला. ‘हं. आता पडून राहायचं,’ असं एखाद्या पोरीला सांगावं तसं म्हणाले, हात रुमालाला पुसले आणि तारानं तयारी कशी करायला हवी होती हे सांगत सांगत दारापर्यंत गेले. दारात वळले.

बाई उताणी होती. त्यांनी पाहिलं होतं, यात शंका नव्हती. रुमाल खिशात घालायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

‘उद्या अकराला शव पालथं पाहिजे,’ ते म्हणाले. ‘पुस्तकात आहे तसं. नसेल, तर दुपारची अकोल्याची गाडी आहे.’

आणि ते गेले. तारा टेबलापाशी बसून राहिली. तीन दिवस ती या बाईवर चिडली होती, हे तिला आता कळलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. तिला अडवलं होतं ते या बाईनं नव्हतं. तिलाही दोन वर्षं कुणीतरी खांद्यांच्या मध्ये पंजा दाबून सांगत होतं, पडून राहा, आणि ती रोज सकाळी उठून वर्गात उभी राहत होती. मग हिला कुलुपं लावायला आणि फास आवळायला आपण कोण? ती उठली. या वेळी बाईला उताणंच ठेवलं आणि चेहऱ्यावरची रुई पदराच्या टोकानं पुसली, मग चादर घातली.

शुक्रवारी उजाडताच ती आली. जानरावला तिनं येताना घरून खाटेची नवार आणायला सांगितलं होतं. बेत साधा होता. पाठ टेबलावरच राहील. फक्त उजवा पाय कमरेतून सरळ वर उचलायचा, टाचेला नवार बांधायची, ती वर कापसाच्या आकड्यावरून घ्यायची आणि खाली टेबलाच्या पायाला करकचून बांधायची. पाय आभाळाकडे उभा राहिला की लवण पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसासमोर येते. पुस्तकात असं कुठेच नव्हतं.

‘होनार नाई, बाई,’ जानराव म्हणाला. ‘लाकूड झालं हाय थे. मोडेल, पन वाकनार नाई.’

तारा बाईच्या उशाशी गेली. मेलेल्या माणसाशी ती आजवर बोलली नव्हती.

‘बाई, तुम्हाला पालथं घालणार नाही,’ ती म्हणाली. ‘पुन्हा कुणी घालणार नाही. पाय तेवढा द्या.’

जानराव चमकला. शेतात बैलाला नाल मारताना असंच म्हणतात, पाय दे. त्यानं मांडीखाली हात घातला, तारानं टाच धरली आणि दोघांनी जोर लावला.

जोर लागलाच नाही. पाय भरल्या घागरीइतकाही जड नव्हता. सुरळीत वर आला आणि उभा राहिला. ताराला वाटलं, म्हातारा जानराव अजून दणकट आहे. तिनं टाचेला नवार अडकवली, ती आकड्यावरून टाकली आणि सुऱ्या मांडायला वळली. साडेसहा वाजून गेले होते. एक मिनिट वाया घालवायची सोय नव्हती.

साडेचार तासांत तिनं जे काम केलं, तसं तिनं आधी कधी केलं नव्हतं आणि नंतरही कधी जमलं नाही. कातडीचे दोन पदर बाजूला केले. पिवळी चरबी कणाकणानं काढली. आणि लवणीची चौकट दिसली, चार बाजूंच्या चार स्नायूंनी आखलेली, शंकरपाळ्यासारखी. सगळ्यांत वर पांढरा मज्जातंतू, त्याच्याखाली निळसर शीर, आणि सगळ्यांत खोल, हाडाला बिलगून, शेंदरानं भरलेली लाल धमनी. कुठे एक तंतू तुटला नाही. जणू कुणी तिच्यासाठी लवण सैल सोडून धरली होती.

अकराला उद्धवशास्त्री आले. उंच, मितभाषी, नाकावर चष्मा घसरलेला. मागे वामनराव आणि त्यांच्या मागे वर्ग. उभा पाय पाहून सगळे दारातच थांबले.

‘हे काय?’ वामनराव म्हणाले. ‘पालथं करा. जानराव, धर.’

जानराव जागचा हलला नाही. वामनराव स्वतः पुढे झाले, तेव्हा तारा टेबलाच्या आणि त्यांच्या मधे उभी राहिली.

‘ती पालथी होणार नाही,’ ती म्हणाली. ‘तुम्हाला ते माहीत आहे, सर. काल दारातून तुम्हीच पाहिलंत. मला काढायचं तर काढा. पण हिला हात लावायचा नाही.’

वामनराव बाईच्या हनुवटीकडे पाहत होते. त्यांनी पुढे केलेला हात हळूच मागे घेतला आणि खिशात घातला.

‘शव पालथं आहे की उताणं, याला गुण नसतात,’ उद्धवशास्त्री म्हणाले. ‘दाखवा.’

तारानं दाखवलं. काय कुठून येतं, कुठे जातं, कोणत्या घावानं माणूस जन्मभर लंगडतो. सुश्रुतानं गुडघ्याला मर्म का म्हटलं, तेही सांगितलं. उद्धवशास्त्री खाली वाकून, वर मान करून, चष्मा पुसून पाहत होते. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला. असा पाय कमरेतून उभा करायचा तर शव ताजं लागतं. हे तर महिन्याचं दिसतं. कसं काय केलं?

‘विनंती केली,’ तारा म्हणाली.

उद्धवशास्त्री हसले. तिथेच खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून त्यांनी अहवाल लिहिला. तारानं त्यांच्या खांद्यावरून वाचलं. पहिल्याच ओळीत होतं: गुडघ्याची लवण, उत्कृष्ट. कायम करण्यास योग्य. कागद त्यांनी सहीसाठी वामनरावांपुढे धरला आणि वामनरावांनी तो न वाचताच सही केली.

सगळे गेले. वर्गाचा गलका दूर होत होत फाटकाबाहेर गेला. ताराला एकदम रडावंसं वाटलं, हसूही आलं. अकोल्याला तार करायची होती, बाबांना. तिनं हात धुतले.

‘जानराव, नवार सोडा. पाय खाली घेऊ.’

जानराव टेबलाच्या पायापाशी वाकला. मग तसाच राहिला.

‘बाई,’ तो म्हणाला, ‘सोडू कोठची? थे तं बांधलीच नाई.’

‘तुम्ही बांधलीत ना सकाळी?’

‘मले वाटलं तुमी बांधली.’

तारानं पाहिलं. नवार टाचेपासून आकड्यापर्यंत सैल लोंबत होती. आकड्यावरून खाली आलेलं दुसरं टोक फरशीवर वेटोळं घालून पडलं होतं. त्याच्यावर सकाळपासूनची रुई साचली होती.

पाय उभा होता.

सकाळी साडेसहापासून तो तसाच होता.

जानराव मागे सरकत दारापर्यंत गेला. तारा गेली नाही. ती उशाशी आली, पाच दिवसांत पहिल्यांदाच बाईच्या कानाशी वाकली, आणि हळू आवाजात म्हणाली, ‘झालं आपलं काम, बाई. ठेवा आता.’

पाय खाली आला. धाडकन नाही. फार वेळ अवघडून बसलेलं माणूस पाय पसरतं तसा, आधी गुडघ्यात लवून, मग हळूहळू. टाच टेबलाच्या पत्र्याला टेकली, तेव्हा आवाज झाला नाही. गुडघा मात्र पुरता सरळ झाला नाही. थोडा वाकलेलाच राहिला.

जसा ती पोरांना ठेवायला सांगायची, तितकाच.

तारानं त्या गुडघ्याकडे पाहिलं. मग तिनं बाह्या सारल्या, दोन्ही हातांची बोटं मागून उघड्या लवणीत घातली, मज्जातंतू आणि शीर बाजूला सारून तळाशी, लाल धमनीवर ठेवली, आणि थांबली.

‘काय करून राह्यल्या, बाई?’ दारातून जानराव म्हणाला. ‘चला न आता.’

तारानं उत्तर दिलं नाही. मोजताना ती बोलत नसे.